मेंदूतील रक्तस्राव आणि रक्ताची पैसेवारी



मी डॉक्टर नाही. कॉलेजात मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा मेंदूतील रक्तस्राव आणि रक्ताच्या तपासण्या अशा विषयावर मी बोलायला बसलो, याचे आपल्याला नवल वाटेल. पण माझ्याच घरात असा एक प्रसंग आला की, वर्गात जे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो, ते इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे राहून मला नव्याने शिकावे लागले. ती हकीगत आज सांगतो. आणि तिच्या निमित्ताने जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेही सांगतो.

माझे थोरले मामा शेतकरी. वय ६४. एके दिवशी सकाळी गोठ्यात वैरण टाकता टाकता ते मटकन खाली बसले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, ओकारी झाली आणि शुद्ध हरपली. कोणी म्हणाले, वारं गेलं. कोणी म्हणाले, कांदा हुंगवा. सुदैवाने शेजारच्या मास्तरांनी लगेच १०८ नंबर फिरवला. गाडी आली, मामांना जिल्ह्याच्या गावी नेले, डोक्याचा सी. टी. स्कॅन झाला, आणि निदान कळले की मेंदूत रक्तस्राव झाला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा धाकटा मामेभाऊ हातात रक्ताच्या तपासणीचा कागद आणि मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, "दादा, हे बघ. अण्णांचा आकडा १४ आलाय. मोबाइलवर लिहिलंय की हा आकडा असा वाढला म्हणजे माणूस वाचत नाही, आणि वाचला तर उठत नाही. मग त्यांना इथं नळ्या लावून कशाला ठेवायचं? घरी नेऊ. आपल्या ओसरीवर, आपल्या माणसांत तरी जातील."

श्रोतेहो, हे ऐकून मी क्षणभर गप्प झालो. कारण पोरगा निष्ठुर नव्हता. बापाच्या मायेपोटीच तो बोलत होता, आणि कागदावरचा आकडाही खोटा नव्हता. मग चुकत होते कुठे?

ते कळायला आधी रोग समजून घेऊ. 'अंगावरून वारं गेलं' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. शेताला पाणी देणारा पाट दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर तो तुंबतो, पुढचे पीक वाळते. किंवा तो फुटतो. मग पुढच्या पिकाला पाणी नाहीच, शिवाय फुटल्या जागी चिखल. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचेही तसेच. वाहिनी तुंबली तर एक प्रकारचा झटका, वाहिनी फुटली तर दुसऱ्या प्रकारचा. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात; कोणता प्रकार आहे हे स्कॅन केल्याशिवाय मोठ्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. हे स्कॅनचे यंत्र हौन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनियराने तयार केले, आणि १९७१ साली लंडनच्या एका इस्पितळात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे असे चित्र निघाले. त्या आधी आत काय झाले याचा पुष्कळदा अंदाजच करावा लागे.

मेंदूत वाहिनी फुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या त्या दाबाने झिजतात, आणि एक दिवस फुटतात. रक्त किती सांडते? ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, एवढे सांडले तरी डॉक्टर त्याला मोठा रक्तस्राव म्हणतात. बोट कापल्यावर आपण एवढ्या रक्ताची फारशी चिंता करीत नाही. पण मेंदू बंद पेटीत ठेवलेला आहे, आणि त्या पेटीत मोकळी जागा जवळजवळ नाही.

आता 'दाह' म्हणजे काय ते पाहू. पायात बाभळीचा काटा मोडला की काय होते? जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवली आहेत. पण हे होते का? १८८२ साली सिसिली बेटावर मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात बारीक काटे टोचले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती शरीरातल्या फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. गावात आग लागली म्हणजे जशी माणसे घागरी घेऊन धावतात, तशा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी याच कामाच्या. या शोधाच्या वाटेने पुढे जे काम झाले, त्याबद्दल मेचनिकॉफला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण आग विझवायला धावलेली माणसे कधी कधी शेजारचे छप्परही तुडवतात. मेंदूत तसेच होते. पहिली इजा काही मिनिटांत किंवा तासांत होते, सांडलेल्या रक्ताच्या दाबामुळे. दुसरी इजा पुढे कित्येक दिवस चालते. सांडलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले लोहयुक्त द्रव्य मेंदूच्या नाजूक पेशींना बाधते. मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होतात. पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींतून आत शिरतात. गुठळीभोवती सूज चढते. पाय सुजला तर वहाण काढून ठेवता येते. कवटी काही सैल होत नाही.

ही आतली धावपळ दंडातून काढलेल्या रक्तातही उमटते. पांढऱ्या पेशींत अनेक जाती आहेत. न्यूट्रोफिल ही आघाडीला धावणारी जात, लिंफोसाइट ही सावकाश, पारखून काम करणारी जात. शरीरावर मोठे संकट आले की न्यूट्रोफिल वाढतात, आणि संकटकाळी शरीरात जी द्रव्ये स्रवतात त्यांच्यामुळे लिंफोसाइट घटतात. निरोगी माणसात शंभर पांढऱ्या पेशींमागे समजा ६० न्यूट्रोफिल आणि ३० लिंफोसाइट असतील, तर भागाकार येतो २. माझ्या मामांच्या कागदावर न्यूट्रोफिल ८४ आणि लिंफोसाइट ६ होते. शिक्षक बंधुभगिनींनी मनातल्या मनात भागाकार केलाच असेल. उत्तर १४. माझ्या मामेभावाचा तो आकडा तो हाच. यात नवे यंत्र नाही, नवा खर्च नाही. रक्ताच्या साध्या तपासणीतूनच तो निघतो, म्हणून जगभरचे डॉक्टर त्याच्याकडे वळले.

दुसरी खूण म्हणजे सी. आर. पी. हे एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात प्रथम आढळले. ते यकृतात तयार होते. एरवी लिटरभर रक्तद्रवात ते काही मिलिग्रॅम असते; मोठा दाह असला की शंभराच्या पुढेही जाते. काही तासांत ते चढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते, आणि कारण संपले की झपाट्याने उतरते. यांखेरीज इ. एस. आर. ही जुनी तपासणी आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती फार सावकाश बदलते, म्हणून या कामी तिचा उपयोग थोडा.

आता मुख्य प्रश्न. हे आकडे पुढचे सांगतात का? सांगतात. तेवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. २०१६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवले की, मेंदूत रक्तस्राव झालेल्या ज्या रोग्यांचा हा भागाकार सुरुवातीलाच मोठा, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांच्या मानाने वाईट असते. पुढे अनेक देशांत असेच आढळले. सी. आर. पी. बाबतही तसेच. तीन महिन्यांनी पाहायचे ते काय? माणूस जिवंत आहे का, आपल्या पायाने चालतो का, आपले आपण आवरतो का. त्यासाठी डॉक्टर जी मोजपट्टी वापरतात, तिचा पहिला आराखडा ग्लासगोच्या रँकिन यांनी १९५७ साली मांडला.

मग मोबाइलवर लिहिलेले खरेच होते की! इथेच, श्रोतेहो, तर्कशास्त्राचा मास्तर जागा झाला.

तुम्हा शेतकऱ्यांना पैसेवारी ठाऊक आहे. आमच्या आजोबांच्या वेळी तिला आणेवारी म्हणत. गावाची पैसेवारी पन्नासाच्या आत आली, की गावात टंचाई मानतात. पण म्हणून त्या गावात प्रत्येकाचे रान करपलेले असते का? ओढ्याकाठच्या एखाद्याच्या शेतात ज्वारी डोक्याला लागलेली असते. पैसेवारी खोटी नाही. ती गावाची आहे, गट नंबरची नाही. रक्ताच्या आकड्याचेही असेच आहे. 'असा आकडा आलेल्या शंभर जणांत अधिक जणांची स्थिती वाईट झाली,' एवढेच तो सांगतो. खाटेवर पडलेला आपला माणूस त्या शंभरातला कितवा, हे तो सांगत नाही. गावाचे विधान शेताला चिकटवायचे, ही चूक मी दर वर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. आणि त्या दिवशी ती आमच्याच घरात होत होती.

दुसरे असे की, पैसेवारी एकदा लावून थांबत नाहीत. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. रक्तातला आकडाही दर दिवशी बदलतो. झटक्यानंतर चौथ्या तासाचा आकडा, दुसऱ्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा आकडा यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. नजरअंदाज पाहून कोणी उभे पीक कापून टाकतो का?

तिसरे, हा आकडा कशाने वाढला हे तो स्वतः सांगत नाही. धूर दिसला, पण चूल पेटली की गंजी, ते जाऊन पाहावे लागते. मेंदूच्या झटक्यात गिळण्याची शक्ती मंदावते. पाण्याचा घोट, लाळ श्वासनलिकेत जाते आणि छातीत न्यूमोनिया होतो. लघवीच्या नळीतून जंतू शिरतात. त्यानेही हेच आकडे चढतात, आणि त्यावर उपाय असतो.

चौथे, हा आकडा एकटा नाही. त्याच्याहून जुने आणि अधिक भरवशाचे साक्षीदार आहेत. रोगी किती शुद्धीवर आहे, याची ३ ते १५ गुणांची मोजणी १९७४ साली ग्लासगोतच टीसडेल आणि जेनेट यांनी ठरवून दिली. २००१ साली अमेरिकेतल्या हेम्फिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शुद्ध, रक्ताचे आकारमान, ते मेंदूच्या पोकळ्यांत शिरले आहे की नाही, जागा आणि वय, अशा पाच गोष्टी मिळून एक गुणपत्रिका केली. रक्तातले दाहाचे आकडे या साक्षीदारांच्या मागे उभे राहून थोडी भर घालतात, त्यांची जागा घेत नाहीत.

आणि हा आकडा खाली आणला म्हणजे रोगी बरा, असेही नाही. बँकॉकच्या डॉक्टरांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. दाह शमवणारे डेक्सामेथासोन हे औषध मेंदूत रक्तस्राव झालेल्या रोग्यांना दिले. फायदा झाला नाही. उलट जंतुसंसर्ग आणि मधुमेहाचे उपद्रव वाढले, म्हणून प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा 'सूज उतरवणारे इंजेक्शन द्या' असा आग्रह नातेवाइकांनी डॉक्टरांपाशी धरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पंचांगात पाऊस नाही असे वाचून एखाद्याने पेरलेच नाही, तर त्याच्या शेतात काही उगवणार नाही हे भाकीत नक्की खरे ठरेल! ते पंचांगाने खरे केले की न पेरण्याने? २००१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबाबत नेमका हाच इशारा दिला. रोगी वाचणार नाही असे मानून उपचार आखडते घेतले जातात, म्हणून तो दगावतो, आणि मग भाकीत बरोबर होते असे पुस्तकात लिहिले जाते. पुढच्या रोग्याचे भाकीत त्याच पुस्तकावरून! २०१५ साली तिथलेच एक काम प्रसिद्ध झाले. शुद्ध बरीच हरपलेल्या शंभराहून थोड्या अधिक रोग्यांना पहिले पाच दिवस, काही हातचे न राखता, पूर्ण उपचार दिले. गुणपत्रिकेच्या हिशेबाने महिन्याभरात निम्मे दगावायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे पाचातला एक दगावला. म्हणूनच आज जाणते डॉक्टर सांगतात की, पहिल्या दोन-तीन दिवसांत आशा सोडण्याचा निर्णय घाईने घेऊ नका.

हे सारे मी त्या दिवशी मामेभावाला इतके नीट सांगू शकलो नव्हतो. मी एवढेच म्हणालो, "चल, डॉक्टरांना विचारू." डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण धीमेपणाने बोलल्या. "आकडा मी पाहिलाय. पण त्यावरून तुमचे वडील जाणार की राहणार, ते मी सांगणार नाही. या आकड्यावरून मी एकच करीन, त्यांच्या छातीवर आणि तापावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन. चार दिवस थांबा."

आम्ही थांबलो. चौथ्या दिवशी ताप चढला, छातीत न्यूमोनिया निघाला. बाई वाटच पाहत होत्या. औषध लगेच सुरू झाले. त्या आकड्याचा खरा उपयोग तो झाला.

मामा आज काठी टेकून ओसरीपासून गोठ्यापर्यंत जातात. उजव्या हाताने अजून घास नीट घेता येत नाही, शब्द अडखळतात, नातवाला हाक मारताना कधी नाव चुकते. पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: माझ्या मामांच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हेही मीच शिकवतो. दुसऱ्या एखाद्या घरी चार दिवस थांबूनही माणूस गेला असता. काही रोग्यांचा मेंदू इतका दुखावलेला असतो की उपचारांना अर्थ उरत नाही. तसे डॉक्टरांनी सर्व बाजूंनी तपासून सांगितले, तर ते मानण्यातही शहाणपण असते. फक्त तो निर्णय एका कागदावरच्या एका आकड्याने घेऊ नये.

मग आपल्या हाती काय? दोन आकडे आपल्या हाती आहेत. पहिला घड्याळाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दहा देशांतले सात हजारांवर रोगी होते, आपला भारतही त्यात होता. रक्तदाब तातडीने उतरवणे, साखर आणि ताप आवरणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम काढून टाकणे, एवढ्या साध्या गोष्टी एकत्र आणि वेळेवर केल्या, तर अधिक माणसे बरी होतात असे त्यात दिसले. हे इस्पितळात पोचल्यावरच होणार. म्हणून तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांपैकी एक जरी एकाएकी दिसले तरी १०८ ला फोन करा. रोग्याला पाणी, चहा, औषध काही पाजू नका. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा. ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नका; पाट तुंबला आहे की फुटला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. कांदा आणि वहाण हुंगवण्यात घड्याळ पुढे जाते.

दुसरा आकडा रक्तदाबाचा. हे शहरातल्या लोकांचे दुखणे, असा गैरसमज आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे तपासली. पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले हाच मेंदूचा झटका. साधारण दर सात मृत्यूंत एक. आणि त्यांतली बहुतेक माणसे घरीच गेली. रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो घात करतो. चाळिशीनंतर आरोग्य केंद्रात जाऊन तो मोजून घ्यावा. १४०/९० च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना विचारावे, गोळी सुरू झाली तर बरे वाटते म्हणून सोडू नये. मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे आणि पापड यांचेही त्यात धरावे. तंबाखूबद्दल मी वेगळे काय सांगू?

शिक्षक मित्रांना एक विनंती. भागाकार शिकवताना मुलांकडून घरच्या मोठ्यांचे रक्तदाबाचे आकडे विचारून आणवा. निम्म्या घरांतून उत्तर येईल, 'कधी मोजलाच नाही.' तो धडा मुलगा आईबापांना शिकवील.

माझ्या मामांनीही तो कधी मोजला नव्हता. आता दर आठवड्याला मोजतात, आणि वहीत डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, स्वतः लिहून ठेवतात. परवा ती वही मला दाखवून म्हणाले, "मास्तर, हा आकडा मात्र माझा आहे."